बार्टलबीचा राग येणं चूक आहे का?

उशिरा वाचणारी

अमेरिकन लेखक हर्मन मेल्विलची 'बार्टलबी, द स्क्रिव्हनर' ही कथा शनिवारी आमच्या वाचनगटात आहे आणि सुरुवात मला करायची आहे. दोनदा वाचून झाली. खरं सांगते, मला बार्टलबीचा राग आला. दुसऱ्या वाचनात जास्तच आला. हे गटात बोलावं की गप्प बसावं, म्हणून आधी इथे विचारतेय.

ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी: कथा 1853 सालची, न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीटवरची. साठीच्या आसपासचा एक वकील ती सांगतो. कोर्टात उभं राहून गर्जना करणारा हा नाही. रोखे, गहाणखतं, मालकीहक्काचे कागद असलं सुखाचं काम. हाताखाली टर्की आणि निपर्स हे दोन नक्कलनवीस आणि जिंजर नट हा बारा वर्षांचा पोऱ्या. काम वाढलं म्हणून तो बार्टलबीला ठेवतो. बार्टलबी सुरुवातीला अधाशासारखा लिहितो, दिवसा उजेडात आणि रात्री मेणबत्तीवर. तिसऱ्या दिवशी वकील त्याला एक कागद ताडून बघायला बोलावतो, तर शांतपणे उत्तर येतं, 'आय वुड प्रिफर नॉट टू'. तिथून पुढे प्रत्येक गोष्टीला तेच. शेवटी लिहिणंही बंद. मग ऑफिस सोडून जाणंही नको. शेवटी वकीलच ऑफिस दुसरीकडे हलवतो, बार्टलबी जुन्या जागेतच राहतो, तिथला घरमालक त्याला तुरुंगात पाठवतो आणि तिथेच तो मरतो.

माझ्या हाताखाली सहा जण आहेत. एकाने नको म्हटलेलं काम हवेत विरत नाही, दुसऱ्याच्या टेबलावर जाऊन पडतं. इथेही टर्की आणि निपर्सच्या टेबलावर जातं. त्यांच्यासाठी कुणी हळहळताना दिसलं नाही मला. आणि वकील? तो ऐकून घेतो, वाट बघतो, पैसे देतो, तुरुंगात भेटायला जातो, त्याआधी तर 'माझ्या घरी चल' म्हणतो. माझ्या पहिल्या नोकरीत मी तापाने तीन दिवस घरी होते, तर चौथ्या दिवशी माझ्या खुर्चीवर दुसरी मुलगी बसलेली. असा वकील मला मिळाला असता तर मी अजून तिथेच असते.

मग जो तो वकिलालाच पिंजऱ्यात का उभं करतो? आणि बार्टलबी आधी डेड लेटर ऑफिसात, म्हणजे न पोचलेली पत्रं जिथे जातात त्या पोस्टाच्या कचेरीत होता असं शेवटी येतं, त्याने सगळं उलगडलं असं धरायचं का?

कोराकागद

मला तरी हा सरळ आजारी माणूस वाटतो. जेवायला बाहेर जात नाही, आल्याच्या बिस्किटांवर जगतो, तासन् तास भिंतीकडे बघत उभा राहतो. त्या काळी नाव नव्हतं, आज डिप्रेशन म्हटलं असतं. रविवारचा प्रसंग आठवा. वकील ट्रिनिटी चर्चला निघालेला, वाटेत सहज ऑफिसात डोकावतो तर आतून बार्टलबी. तो तिथेच राहत असतो! गुंडाळलेलं ब्लँकेट, पत्र्याचं घमेलं, साबण, फाटका टॉवेल, बिस्किटांचा चुरा. मला तर पोटात कालवलं. अशा माणसाचा राग कसा येतो कुणाला, हेच कळत नाही.

उशिरा वाचणारी

@कोराकागद, त्या पानावर मलाही वाईट वाटलं. पण आजारी म्हटलं की चर्चाच संपते. मग शनिवारी उरलेला दीड तास आम्ही काय करू?

शिवाय आजाराचं निदान वकिलानेच केलंय. दुखणं आत्म्याचं आहे, तिथे माझा हात पोचत नाही, असं तो त्याच रविवारी म्हणतो, आणि तिथून त्याची कणव किळसेकडे झुकायला लागते. म्हणजे 'आजारी आहे' म्हटल्याने बार्टलबीचं काही भलं झालं असं दिसत नाही.

नक्कलनवीस

ताई, राग येण्यात चूक काही नाही. वकिलालाही येतो. पण मला या कथेत जे दिसलं ते माझ्या पोटापाण्याच्या धंद्यामुळे दिसलं, तेवढं सांगतो.

मी एकतीस वर्षं नकला केल्या. आधी हाताने, मग टाइपरायटरवर, शेवटी संगणकावर. आमच्या नकलेच्या तळाशी दोन सह्या लागायच्या, एक नक्कल करणाऱ्याची आणि एक रुजुवात घेणाऱ्याची. रुजुवात म्हणजे एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने नकलेवर बोट ठेवून ऐकायचं. नक्कल करताना माणूस अर्धा झोपेत असला तरी भागतं, हात आपला चालत असतो. रुजुवातीत तशी पळवाट नाही. समोरच्याच्या आवाजाबरोबर बोट सरकलं पाहिजे. 'सदरहू'मधला 'हू' गळला तरी दोघांनी थांबायचं, खूण करायची, परत मागच्या ओळीपासून सुरू. उन्हाळ्यात जेवणानंतरची रुजुवात म्हणजे शिक्षाच.

बार्टलबी सगळ्यात आधी नाकारतो ती ही रुजुवात. 'त्याने काम करायला नकार दिला' असं सरसकट म्हणून लोक पुढे जातात, पण त्यानंतरही कितीतरी दिवस तो लिहितोच आहे, शंभर शब्दांच्या फोलिओला चार सेंट या चालू दराने. लेखणी तो फार उशिरा खाली ठेवतो. म्हणजे कष्टांचा कंटाळा हे कारण निदान सुरुवातीला तरी नाही. दुसऱ्या माणसासमोर बसून, त्याच्या आवाजाबरोबर चालायचं, ते त्याला नको आहे.

आणि बोलावणं आलं कसं, ते नीट बघा. वकील घाईत आहे. मान मूळ कागदात खुपसलेली, उजवा हात नक्कल धरून बाजूला लांब केलेला. बार्टलबीने लगबगीने यावं आणि ती हातातून घ्यावी, अशी त्याची खात्री. वर मान करून बघायचीही त्याला गरज वाटत नाही. बार्टलबी हिरव्या पडद्याच्या पलीकडे. तो पडदा वकिलानेच आणून लावलाय, माणूस दिसू नये पण हाकेला ओ द्यावी म्हणून. शेजारच्या खिडकीतून तीन फुटांवर भिंत. मी अशा लांब केलेल्या हातातून किती कागद घेतले असतील, गणती नाही. एकदाही 'नको' म्हणायचं सुचलं नाही.

वकील चांगला आहे, याबद्दल वाद नाही. पण तो स्वतःची ओळख कशी करून देतो? जॉन जेकब ॲस्टरसारखा धनाढ्य आपल्याला सावध आणि पद्धतशीर म्हणाला, हे आधी. ते नाव उच्चारायलाही त्याला आवडतं, त्यात सोन्याचा नाद आहे म्हणतो! मग म्हणतो, मी सहसा चिडत नाही, आणि लगेच चिडून दाखवतो. कशावरून? तर मास्टर इन चान्सरी, म्हणजे चान्सरी नावाच्या कोर्टातला अधिकारी, हे त्याचं पद गेलं. न्यूयॉर्कच्या 1846च्या राज्यघटनेने चान्सरी कोर्टच मोडीत काढलं. जन्मभर मिळकत येत राहील असं धरून बसलेल्या माणसाच्या हाती मोजकी वर्षं लागली. एवढ्या लांबच्या कथेत हा गृहस्थ मनापासून कशावर उखडतो ते लक्षात ठेवा आणि मग बार्टलबीवरच्या दयेचा हिशेब वाचा. याला ठेवून घेतलं तर फारसा खर्च नाही आणि सदसद्विवेकाला गोड घास मिळेल, असं तो अगदी उघड लिहितो. लबाडी म्हणत नाही मी याला. खतावणी म्हणतो.

आता डेड लेटर ऑफिस. माझ्या मते ही सगळी कथाच वकिलाने केलेली बार्टलबीची नक्कल आहे, आणि मूळ कागद गहाळ आहे. पहिल्याच परिच्छेदात तो कबूल करतो की या माणसाचं चरित्र लिहायला साधनंच नाहीत, मी डोळ्यांनी पाहिलं तेवढंच. म्हणजे मजकूर वाचणारा एकटा वकील, आणि बोट ठेवायला आपल्यापुढे दुसरी प्रत नाही. अशा माणसाला शेवटी, बार्टलबी मेल्यावर काही महिन्यांनी, एक वावडी ऐकू येते. खरीखोटी माहीत नाही म्हणतो. आणि म्हणता म्हणता त्या न पोचलेल्या पाकिटातली अंगठी, मदतीची नोट, सगळं रंगवून मोकळा! आमच्याकडे असला मजकूर कुणी नकलेत घुसडला असता तर मेमो मिळाला असता.

टर्की-निपर्सबद्दल मात्र तुमचं म्हणणं मान्य. एकाची सकाळ बरी, दुसऱ्याची दुपार. दोघांना जोडून वकिलाला एक धड माणूस मिळतो.

अनुवादाची खोड

नक्कलनवीस, 'रुजुवात' वाचून उडालोच. मी हाच उतारा मराठीत करत होतो आणि दोन दिवस 'पडताळणी'वर अडलो होतो. घेतला शब्द तुमचा.

माझी खरी अडचण त्या वाक्याची आहे. 'मी करणार नाही' केलं की बंडखोर होतो. 'मला जमणार नाही' केलं की बिचारा होतो. 'बघतो' हा आपला सभ्य नकार, पण त्यात थाप आहे, आणि बार्टलबी थाप मारत नाही. 'न केलेलं बरं' जवळ येतं, पण ते म्हातारी माणसं सल्ला देताना म्हणतात तसं वाटतं. सगळ्यात गोड लागलं ते 'त्यापेक्षा नको'. पेक्षा कशापेक्षा, ते तो सांगतच नाही. मूळ वाक्यही असंच अर्ध्यात लोंबकळतं.

पण पुढे एक गंमत आहे, तिथे माझं 'त्यापेक्षा नको' आपटलं. 'प्रिफर' हा शब्द ऑफिसात सर्दीसारखा पसरतो. निपर्स विचारतो, हा कागद निळ्यावर उतरवणं प्रिफर कराल की पांढऱ्यावर? टर्की म्हणतो, विचित्र शब्द आहे, मी कधी वापरत नाही, आणि पुढच्याच वाक्यात वापरतो. वकिलाच्या तोंडीही तो येतो आणि तो दचकतो. म्हणजे मराठीत असा शब्द हवा की जो चौघांच्या तोंडी न कळत बसेल. 'त्यापेक्षा' कुणाच्या तोंडी बसवणार? म्हणून सध्या 'न करणं पसंत करेन' ठेवलंय. कानाला खुपतं, मान्य. पण त्या ऑफिसातही ते खुपतच असणार. निळ्या कागदाचं वाक्य मात्र झकास होतं: 'निळा पसंत कराल, की पांढरा?'

ताई, तुमच्या रागाबद्दल. हे वाक्य खुपतं कारण त्याच्याशी भांडताच येत नाही. 'नाही' म्हणणाऱ्याला कारण विचारता येतं, दम देता येतो. पसंतीला काय विचारणार? वकील एकदा विचारतो, 'यू विल नॉट?' तर बार्टलबी दुरुस्त करतो, 'आय प्रिफर नॉट.' माझ्यासाठी अख्ख्या कथेतली सगळ्यात मोठी मारामारी ती.

उशिरा वाचणारी

काल रात्री तिसऱ्यांदा वाचली. नक्कलनवीसकाका, तुमच्या त्या 'खतावणी'ने घोळ केला. आता जिथे तिथे आकडेच दिसतात.

हिशेबाचे बारा डॉलर देणं निघतात. वकील बत्तीस ठेवतो, वरचे वीस आपल्याकडून, आणि घरी जाताना स्वतःवरच खूश होतो: आरडाओरडा नाही, धमकी नाही, किती सफाईने काढलं मी याला! दुसऱ्या दिवशी दाराशी जातो तर आतून आवाज, थांबा, मी कामात आहे. पैसे होते तिथेच.

मागे लिहायचं राहिलं ते आता लिहिते. त्या पहिल्या नोकरीतून निघताना मलाही पाकीट मिळालं होतं. चार दिवसांचे पैसे जास्त होते त्यात. मी दोनदा आभार मानले होते. बसमध्ये मोजले, परत आत ठेवले, आणि त्यांचं वागणं तसं चांगलंच होतं असं घरी सांगितलं. त्या जास्तीच्या पैशांमुळेच तसं सांगितलं, हे काल रात्री पहिल्यांदा डोक्यात आलं.

राग अजून आहे. टर्की-निपर्सच्या वतीने आहे, तो जाणार नाही. पण वकिलाचं 'माझ्या घरी चल' मी फार भाबडेपणाने वाचलं होतं. बार्टलबी नको म्हणतो आणि वकील काय करतो? अक्षरशः धूम ठोकतो. वॉल स्ट्रीटवरून ब्रॉडवेकडे पळत सुटतो, दिसेल त्या पहिल्या घोड्याच्या बसमध्ये चढतो, आणि मग काही दिवस आपली गाडी घेऊन जर्सी सिटी, होबोकेन, मॅनहॅटनव्हिल, ॲस्टोरिया असा भटकत राहतो, घरमालकाने गाठू नये म्हणून. ॲस्टोरियापाशी मी हसले. त्या गावाचं नाव त्याच ॲस्टरवरून पडलंय! लपायला गेला तोही कुठे.

शनिवारचं ठरलंय. तो लांब केलेल्या हाताचा उतारा रुजुवात घेतल्यासारखाच वाचायचा. एकाने मूळ इंग्रजी मोठ्याने, दुसरीने समोर बसून 'अनुवादाची खोड' यांच्या मराठीवर बोट ठेवायचं, आणि कुठे काही गळलं की दोघांनी थांबायचं. (उतारा पाठवाल ना? 'पसंत'वालाच पाठवा, चालेल.) मूळ वाचायला एकजण तयार झालाय. बोट ठेवायला गटातल्या एका मैत्रिणीला सकाळी विचारलं.

म्हणाली, "बघते."