‘उचित कार्यवाही’: मोघम शब्द गरजेपोटी की टाळाटाळीसाठी?

माणदेशी
शेजारच्या गटातल्या माणसाने आमच्या वहिवाटीच्या गाडीवाटेवर आडवा बांध घातला. डाळिंबाचा माल बाहेर काढायला दुसरी वाट नाही. वडिलांनी तहसील कचेरीत अर्ज दिला, त्याचं आलेलं उत्तर जसंच्या तसं देतो:

‘आपल्या अर्जाच्या अनुषंगाने नियमानुसार उचित कार्यवाही करणेबाबत संबंधितांस कळविण्यात आले असून, यथावकाश आपणांस अवगत करण्यात येईल.’

कोणी कळवलं? कोणाला? कोणत्या नियमानुसार? कधीपर्यंत? एवढ्या लांब वाक्यात यातल्या एकाचंही उत्तर नाही. ‘कळविण्यात आले’ म्हटलं की करणारा माणूस वाक्यातून नाहीसा होतो. वडिलांनी पत्र पुन्हा पुन्हा वाचलं आणि विचारलं, ‘म्हणजे बांध निघणार का?’ मला सांगता येईना.

माझा आक्षेप अवघड मराठीवर नाही. ‘अनुषंगाने’ कोणीतरी समजावून सांगेल. पण हा ‘संबंधित’ कोण, हे कोण सांगणार? सरकारी पत्रातली ही भाषा मुद्दाम गुळमुळीत ठेवलेली असते, असं माझं स्पष्ट मत आहे.

जुना अव्वल कारकून
उमेदीची सगळी वर्षं महसूल खात्यात काढली, असली पत्रं माझ्याही हातून गेली आहेत. ‘मुद्दाम’ हा शब्द मला मान्य नाही. पत्र लिहिणाऱ्या कारकुनाला निर्णयाचा अधिकार नसतो. रस्त्याच्या प्रकरणात समोरच्याला नोटीस काढावी लागते, स्थळपाहणी होते, पंचनामा होतो, दोन्ही बाजूंचं म्हणणं ऐकावं लागतं. सुनावणीआधीच ‘अमुक तारखेला बांध काढू’ असं लिहिलं, तर निकाल आधीच ठरला होता म्हणून समोरचा अपिलात जाईल, आणि त्याचं खरं ठरेल.

दुसरं, मोघम शब्द कायद्यातही असतात आणि ते असावे लागतात. 2005 चा दफ्तर दिरंगाईचा कायदा घ्या. फाइल एका कर्मचाऱ्याकडे 7 कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये असं त्यात आहे, पण आधी ‘साधारणतः’ आहे. तो शब्द नसता तर पुरात अडकलेला तलाठीही दोषी ठरला असता. ‘वाजवी कारण’, ‘अपवादात्मक परिस्थिती’ या शब्दांच्या आधारानेच उशिरा आलेल्या विधवेचा अर्ज आम्ही दाखल करून घेऊ शकलो. सगळं आकड्यांत बांधलं, तर पहिला मार गरिबालाच बसतो.

आणि अर्जही कसे येतात ते पाहा. ‘गेल्या काही दिवसांपासून रस्ता अडवला आहे, तरी न्याय मिळावा.’ गट नंबर नाही, चतुःसीमा नाही, तारीख नाही.

माणदेशी
काका, आमच्या अर्जात गट नंबर होता, अडवल्याची तारीख होती, हाताने काढलेला नकाशाही होता. विधवेच्या अर्जाचं तुम्ही सांगितलंत ते पटलं. पण तिथे मोघम शब्द कायद्यात होता आणि तुम्ही त्याचा अर्थ लावून निर्णय दिलात. इथे निर्णयच नाही.

काळा कोट
तालुक्याच्या कोर्टात वकिली करते. वरच्या चर्चेत सगळ्यात महत्त्वाची गोष्ट राहून गेली आहे. वहिवाटीचा रस्ता अडवला, तर मामलतदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदारांसमोर दावा लावता येतो. पण अडथळा आल्यापासून 6 महिन्यांच्या आत. साधा अर्ज म्हणजे दावा नव्हे. शेतकरी ‘यथावकाश’वर विसंबून घरी बसतो आणि मुदत निघून जाते. मग माझ्याकडे येतात तेव्हा दिवाणी कोर्टाशिवाय वाट उरत नाही, तिथे किती वर्षं जातात हे सगळ्यांना ठाऊक आहे.

त्या पत्रात एकच ओळ हवी होती: ‘आपण कलम 5 खाली 6 महिन्यांच्या आत दावा दाखल करावा.’ यात कोणाची बाजू घेतली जात नाही, निकालही आधी ठरत नाही. ही ओळ लिहायला कारकुनाला कोणत्या अधिकाराची गरज होती? माणदेशी, तुमची तारीख आधी मोजा.

गवतफुला
लोकसेवा हक्क कायदा 2015 मध्ये आला. अधिसूचित सेवेला दिवस ठरवून दिले आणि उशीर झाला तर 500 ते 5,000 रुपये दंड ठेवला. तेव्हापासून त्याच कचेरीच्या फलकावर दाखल्यापुढे दिवस लिहिलेले दिसतात. म्हणजे स्पष्ट लिहिता येतं, फक्त लिहिलं नाही तर काहीतरी बिघडायला हवं.

जुना अव्वल कारकून
उत्पन्नाचा दाखला आणि वाद यांत फरक आहे. दाखल्यात समोर प्रतिवादी नसतो. काळा कोट यांचा मुद्दा मात्र वजनदार आहे. मुदतीची ओळ लिहायला हवी. आमच्या वेळी काही अधिकारी ती लिहायला लावत, काही म्हणत, ‘सल्ला देणं आपलं काम नाही, उद्या अंगाशी येईल.’ त्या भीतीला तुम्ही टाळाटाळ म्हणता, मी नाही म्हणत. मागचं पत्र समोर ठेवून नवं लिहायची पद्धत आहे, त्यामुळे एकाने घाबरून लिहिलेलं वाक्य पुढे सगळ्यांच्या हातून उतरत जातं.

माणदेशी
भीतीने लिहिलं काय आणि टाळायला लिहिलं काय, धर्मराजाचं ‘नरो वा कुंजरो वा’ ऐकून द्रोणाचार्यांनी शस्त्र खाली ठेवलंच. वाचणाऱ्याचं नुकसान तेवढंच होतं. भीती खरी असेल, तर ती तुमच्या साहेबांची आणि तुमची गोष्ट आहे. तिची किंमत माझ्या वडिलांनी का मोजायची?

काळा कोट ताई, तारीख मोजली, मुदत अजून शिल्लक आहे. दावा या आठवड्यातच लावतोय.

काळा कोट
छान. सोबत माहिती अधिकारात अर्ज टाका. ‘कार्यवाहीची माहिती द्या’ असं लिहू नका, पुन्हा तेच उत्तर येईल. विचारा: अर्ज कोणत्या तारखेला कोणाच्या टेबलावर गेला, त्या कर्मचाऱ्याचं नाव व पदनाम काय, त्याने टिपणीत काय लिहिलं, आणि ‘संबंधितांस’ पाठवलेल्या पत्राची जावक क्रमांकासह प्रत द्या. उत्तराला 30 दिवसांची मुदत आहे. तसं पत्र गेलंच नसेल, तर तेही लेखी येईल.

जुना अव्वल कारकून
टिपणीची छायाप्रत मागा, गोषवारा नको. आणि दाव्यात चतुःसीमा पूर्ण लिहा, त्यावरच प्रकरणं परत जातात.