स्ट्रेंजर: खुनी उगाच आणून बसवला नाहीये (स्पॉयलर आहे)
वरती दोघातिघांनी लिहिलंय की 'स्ट्रेंजर' या कोरियन मालिकेतला खुनी शेवटी कुठूनतरी उपटून आणल्यासारखा वाटतो, हे मला अजिबात पटलं नाही. अहो खुनी युन से-वॉन तर तपास करणाऱ्या नायकाच्या, वकील शी-मोकच्याच (सरकारी वकील) स्पेशल टीममध्ये बसलेला असतो, रोज समोर, आणि तरी आपण एकदाही त्याच्याकडे नीट बघत नाही! आणि क्लू तर खूप आधीच दिलाय, हल्ल्यातून वाचलेल्या किम गा-यंगने सांगितलेलं ते 'शून्य सात'. सगळे त्याला आकडा समजून शोधत बसतात, पण तो आकडा नसतोच, से-वॉनच्या अंगावरच्या यूडीटी (कोरियन नौदलाची खास तुकडी) टॅटूमधला 'डी' आणि 'टी' तिला अर्धवट दिसलेला असतो, तोच शून्य आणि सातसारखा. इथे हे कोणीच लिहिलं नाही म्हणून सांगतेय.

मी दुसऱ्यांदा बघितली तेव्हा फक्त त्याच्याकडे बघत बसले, किती शांत चेहरा ठेवलाय ते काम करणाऱ्या ली क्यू-ह्युंगने. से-वॉनचा पोरगा बस अपघातात गेलेला, त्यामागची लाचखोरी कळल्यावर तर मला खुन्याचा रागच धरता येईना. 16 एपिसोड आहेत, परत एकदा बघाच.