खेळाडूचा ध्यास एकच असावा: देव की पदक?

धावपट्टी
बायबलमधल्या, येशूचा प्रेषित पौल याच्या फिलिप्पैकरांस पत्रातला तिसरा अध्याय ख्रिस्ती खेळाडूंच्या फार जवळचा. मागचं विसरायचं, पुढच्या निशाणाकडे धावायचं, बस्स, एवढंच एक काम. माझं मत, असा ध्यास देवाचा असला की खेळही सुधारतो. स्कॉटिश धावपटू एरिक लिडेल बघा. पॅरिस ऑलिंपिक, १९२४. शंभर मीटरची प्राथमिक फेरी रविवारी, देवासाठी राखलेल्या विश्रांतीच्या दिवशी, म्हणून त्याने आपली हुकमी शर्यतच सोडली. त्या रविवारी हा गडी चर्चमध्ये प्रवचन देत होता! मग ४०० मीटरच्या अंतिम फेरीत वाट्याला आली सगळ्यात बाहेरची लेन, जिथून बाकीचे दिसत नाहीत. तरी पहिले २०० मीटर त्याने २२.२ सेकंदांत मारले. हा आता ढेपाळणार असंच कुणालाही वाटावं. वेळ ४७.६, विश्वविक्रम. पुढच्याच वर्षी चीनला मिशनरी म्हणून रवाना. हरायची धास्ती नसली की माणूस असा पळतो.

तिरका चष्मा
जिंकला म्हणून गोष्ट सांगताय. वेळापत्रक काही महिने आधीच कळलं होतं, ४०० च्या तयारीला वेळ मिळाला, हे मात्र कुणी सांगत नाही. आणि तिहेरी उडीवाला ब्रिटिश खेळाडू जोनाथन एडवर्ड्स? रविवार पाळायचा म्हणून १९९१ ची टोकियोची जागतिक स्पर्धा सोडली. १९९३ मध्ये विचार बदलला, रविवारी उतरायला लागला. १९९५ ला गोथेनबर्गमध्ये १८.२९ मीटरचा विश्वविक्रम, आजही अबाधित. निवृत्तीनंतर २००७ मध्ये सांगून टाकलं की आता देवावर विश्वास उरला नाही. श्रद्धा गेली, विक्रम राहिला. ध्यास लागतो हे मान्य, पण तो देवाचाच हवा हे कुठे सिद्ध होतं?

धावपट्टी
उडी मारली तेव्हा श्रद्धा होती की! आणि मी पदकाची हमी देतच नाहीये. लिडेलचा शेवट बघा. चीनमध्ये जपान्यांच्या वेइशिएन छावणीत कैदेत होता, १९४५ मध्ये तिथेच गेला. छावणीतली मुलं रविवारी हॉकी खेळताना हाणामारीवर यायची, तेव्हा रविवार इतका कडक पाळणारा हा माणूस त्यांचा पंच म्हणून उभा राहिला. नियम वाकवला, ध्यास नाही.

शिट्टीवाला
खेळाडूंपुरतं ठीक. प्रशिक्षकाचं काय? मी विश्वासणारा आहे आणि शाळकरी मुलांना शिकवतो, म्हणून विचारतो. अमेरिकेत ब्रेमर्टनच्या शाळेतले फुटबॉलचे सहाय्यक प्रशिक्षक जोसेफ केनेडी सामना संपला की मैदानाच्या मधोमध प्रार्थनेला गुडघे टेकायचे. हळूहळू पोरंही येऊ लागली. एका नास्तिक मुलाच्या वडिलांची तक्रार होती की नाही गेलो तर खेळायला कमी मिळेल, या भीतीने त्यांचा मुलगा जायचा. केनेडींनी कुणावर सक्ती केली नसेलही. पण संघात कोण खेळणार हे ज्याच्या हातात, त्याच्या शेजारी पोरगं मोकळ्या मनाने गुडघे टेकतं का?

मोकळं मैदान
सर, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये या प्रार्थनेच्या खटल्यात ६ विरुद्ध ३ असा निकाल केनेडींच्याच बाजूने दिला, ते का गाळलंत? शिव्या देणारे प्रशिक्षक चालतात, प्रार्थना करणारा खुपतो, हे अजबच. श्रद्धा काय बुटांच्या कपाटात ठेवून यायची?

शिट्टीवाला
निकाल हक्काचा आहे, तो मान्य. पण हक्क आहे म्हणून जागा मधोमधच हवी का? येशूनेच सांगितलंय, खोलीत जा, दार लाव, मग प्रार्थना कर (मत्तय ६:६). करिंथकरांस पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात पौल शर्यतीचा आणि मुष्टियुद्धाचा दाखला देतो, तिथेही तो राबवतो कुणाचं शरीर? स्वतःचं. मी सामन्याआधी गाडीत बसून प्रार्थना करतो. शिव्यांचं म्हणाल तर त्याही बंदच असाव्यात.

तिरका चष्मा
सरांना +१, आणि हे मी नास्तिक असून लिहितोय.

मोकळं मैदान
गाडीतली प्रार्थना पोरांना दिसणार कशी? मी ज्यांच्या हाताखाली खेळलो, त्यांचा विश्वास दिसायचा म्हणून माझ्यापर्यंत पोचला.

शिट्टीवाला
पोचू दे की. हरल्यावर पंचाशी कसं बोलतो, राखीव पोराला कसं वागवतो, यातून. ज्याला अजिबात विश्वास नाही, त्यालाही माझ्या संघात पहिल्या अकरांत जागा मिळते, एवढं मला पुरतं.