गवताळ प्रदेश व्यवस्थापनाची पदवी: मुलांना रान वाचायला कसं शिकवायचं?

कुरणवाट (प्रश्न)

नमस्कार मंडळी. अकरा वर्षं हा विषय शिकवतेय. पुढच्या वर्षी अभ्यासक्रम बदलतोय आणि प्रात्यक्षिकांचा मसुदा माझ्याकडे आलाय. अडलंय कुठे ते सांगते.

गेल्या सत्रात शेवटच्या वर्षाच्या मुलांना चराई क्षमता, म्हणजे रानावर किती जनावरं किती दिवस चरू शकतात, ते काढायला रानात नेलं होतं. पाव चौरस मीटरची चौकट टाकायची, आतलं गवत जमिनीलगत कापायचं, कागदी पिशवीत भरायचं, ओव्हनमध्ये वाळवून वजन करायचं. ग्रॅमला ४० ने गुणलं की हेक्टरी किलो. एका गटाची सरासरी ४५ ग्रॅम आली, म्हणजे हेक्टरी १,८०० किलो. त्यातलं निम्मं रानातच राखायचं. उरले ९००. चारशे किलोच्या गाईला वजनाच्या अडीच टक्के, म्हणजे दिवसाला १० किलो सुका चारा. उत्तर: एका हेक्टरवर एक गाय ९० दिवस. गणित बिनचूक, मी पैकीच्या पैकी गुण दिले.

पण कापणी चालू असताना एक म्हातारे मेंढपाळ शेजारी येऊन बसले होते. त्यांनी त्याच गटाची एक पिशवी मागून घेतली, पुढ्यात उपडी केली आणि बोलता बोलता दोन ढीग लावले. एक मऊ पात्यांचा. दुसरा जवळपास तेवढाच, ताठ काड्यांचा. ‘याला उपाशी मरायला टेकल्याशिवाय तोंड लावत नाहीत,’ म्हणाले. मुलांनी माना डोलावल्या आणि दोन्ही ढीग परत एकाच पिशवीत कोंबले, कारण वहीत दुसऱ्या ढिगाला रकानाच नव्हता. ती वही मीच आखलेली. तो हिशोब धरला तर ९० चे ४५ दिवस होतात. एवढी जनावरं सोडली असती तर त्या रानाचं काय झालं असतं, हा विचार डोक्यातून जात नाही.

तर, तुमच्याकडे हे कसं शिकवतात? काय वाढवू आणि काय काढू?

चौकट_आणि_कात्री

मॅडम, मी शिकवत नाही, कुरणांची पाहणी करतो. दरवर्षी नवे पदवीधर हाताखाली येतात. त्यांना सूत्रं येतात, पण फुलोरा नसलेलं गवत ओळखता येत नाही. वर्गात दाखवलेले नमुने सगळे फुलोऱ्याचे, दाबून वाळवलेले. रानात बहुतेक वेळा हाती लागतो तो चरलेला खुंट. पान आणि खोड जिथे जुळतं तिथली पातळ पापुद्र्यासारखी जिभली बघून, पात्याची कड बोटाने चाचपून ओळखायची सवय पहिल्या वर्षापासून लावा. परीक्षेत चरलेलेच खुंट ठेवा. बाकी काही बदललं नाही तरी चालेल.

वारा_पाऊस

ते दोन ढीग फार मोलाचे आहेत. कुरणशास्त्रज्ञ डिक्स्टरहाउस यांनी 1949 साली चराऊ रानातल्या वनस्पतींचे तीन गट मांडले: चराईने घटणाऱ्या, वाढणाऱ्या आणि बाहेरून घुसणाऱ्या. जनावरांची आवडती गवतं आधी संपतात. म्हणजे दुसरा ढीग वर्षागणिक वाढत असेल तर रान कुठे चाललंय ते दिसतं. एकदाच मोजून ते कळणार नाही.

मात्र इथेच थांबू नका. जनावरं काढली की रान आपोआप पूर्वपदावर येतं, ही वनस्पतिशास्त्रज्ञ क्लेमेंट्स यांच्या 1916 च्या मांडणीतून आलेली समजूत मुलं अजून घट्ट धरून असतात. न्यू मेक्सिकोतल्या होर्नाडा प्रयोगक्षेत्राचं उदाहरण पूर्ण एक आठवडा शिकवा. ते 1912 पासून चालू आहे, आणि 1858 च्या जमीन मोजणीच्या नोंदींमुळे तिथे त्याआधी काय होतं तेही कळतं. गवताच्या जागी मेस्किटची झुडपं आली, आणि बऱ्याच ठिकाणी चराई थांबवूनही गवत परतलं नाही. वेस्टबी, वॉकर आणि नॉय-मेअर यांनी 1989 साली मांडलेलं अवस्था आणि स्थित्यंतरांचं प्रारूप (रान एका अवस्थेतून दुसरीत गेलं की आपोआप मागे येईलच असं नाही) त्यानंतर शिकवलं तर मुलांना ते पटतं, आधी शिकवलं तर नुसतं पाठ होतं.

खुरांचा_माग

ताई, मी मेंढपाळाच्या घरातली, आणि हीच पदवी घेतलेली. चार वर्षांत माझ्या वडिलांसारखा माणूस वर्गात कधी आला नाही. आम्ही त्यांच्याकडे जायचो ते प्रश्नावली घेऊन. ‘किती जनावरं, किती पिल्लं’ विचारून परत यायचो. कळप आज इकडे का वळवला, हे विचारायला कागदावर जागाच नव्हती.

त्या आजोबांना नुसतं पाहुणे म्हणून बोलावू नका. प्रात्यक्षिकाचे शिक्षक म्हणून बोलवा, तुमच्यासारखंच मानधन द्या आणि गुण द्यायचा अधिकारही द्या. आणि मुलांना सलग दोन दिवस कळपामागे चालू द्या. जनावर कुठे थांबतं, काय ओलांडून पुढे जातं, पाण्यापासून किती लांब जाऊन परत फिरतं, हे चौकटीत मावत नाही.

कुरणवाट

मनापासून आभार. तीन गोष्टी मसुद्यात घेतल्या: एका चौकटीला दोन पिशव्या, पहिल्या वर्षी खुंट्या ठोकून आखलेले तेच तुकडे चारही वर्षं त्याच मुलांनी मोजायचे, आणि चरलेल्या खुंटांवरून गवत ओळखायची परीक्षा. होर्नाडासाठी आठवडा काढायला जनावरांच्या जातींची लांबलचक यादी कापतेय.

खुरांचा_माग, मानधन मंजूर होईल असं वाटतं. गुण देण्याचा अधिकार मात्र अडेल, पदवीची अट आडवी येते. तरी लेखी मागणी करतेय. तुझ्या वडिलांनी गुण द्यायचे ठरवले असते, तर मुलांमध्ये काय बघितलं असतं? विचारून इथे लिहिशील का? त्यांच्याच शब्दांत हवंय, मसुद्याला जोडायचंय.