शुक्रावर पुन्हा यान उतरवावं, की कक्षेतलं रडार पुरेसं आहे?

रडारपंथी: उतरवण्यात पैसा घालू नये, असं माझं ठाम मत. तापमान ४६० अंश सेल्सिअसच्या घरात, दाब पृथ्वीच्या ९० पट. सगळ्यात जास्त टिकलेलं सोव्हिएत यान व्हेनेरा १३ (१९८२) १२७ मिनिटं चाललं. तेवढ्यात कळतो तो पायाखालचा खडक. शुक्राभोवती फिरलेल्या नासाच्या मॅगेलन यानाच्या रडारने ९८ टक्के पृष्ठभाग नकाशावर आणला. इस्रोच्या शुक्रयानातही रडारच आहे.

खडकवेडा: साफ असहमत. रडारला उंचसखलपणा नि खडबडीतपणा दिसतो, खडक कशाचा बनलाय ते नाही. व्हेनेरा १३ आणि १४ ने ड्रिलने काढलेला चिमूटभर चुरा टप्प्याटप्प्याने दाब उतरवत आतल्या थंड कप्प्यात ओढला आणि क्ष-किरणांनी तपासला. १३ च्या जागी पोटॅशियम ऑक्साइड ४ टक्के, १४ च्या जागी ०.२ टक्के! पहिला अल्कलीयुक्त (सोडियम-पोटॅशियम जास्त असलेला) बेसाल्ट, दुसरा थोलेआइट, म्हणजे कमी अल्कलीचा बेसाल्ट, आपल्या दख्खनच्या पठारावर मुख्यतः आहे त्या जातीचा. अंतर हजारेक किलोमीटर. दोन्हींचा लाव्हा सारख्या परिस्थितीत वितळलेला नाही, हे कुठल्या रडारने सांगितलं असतं?

रडारपंथी: त्या उपकरणाला सोडियम मोजता येत नव्हतं. सोडियमविना अल्कली ठरवणं म्हणजे अर्धा अंदाजच. शिवाय यंत्रं दगा देतात. व्हेनेरा ११ आणि १२ च्या कॅमेऱ्यांची झाकणं उघडलीच नाहीत. १४ चं झाकण नेमकं जमिनीची घट्टता मोजणाऱ्या दांड्याखाली पडलं आणि दांड्याने झाकणच मोजलं. नंतरच्या सोव्हिएत व्हेगा १ यानाचं ड्रिल तर हवेतच सुरू झालं.

खडकवेडा: दोष यंत्रांचे आहेत, ते सुधारता येतात. पोटॅशियममधला वीसपट फरक मात्र सोडियम नसलं तरी उरतोच.

तिसरी बाजू: दोघंही मिनिटं मोजताय, मला जागेची जास्त काळजी वाटते. टेसेरा, म्हणजे सुरकुत्या पडलेले जुने उंच प्रदेश, यांचं रासायनिक पृथक्करण अजून एकदाही झालेलं नाही. ग्रॅनाइट मोठ्या प्रमाणात बनायला पाणी लागतं; म्हणून तिथला खडक ग्रॅनाइटसारखा निघाला तर शुक्रावर एकेकाळी भरपूर पाणी होतं या तर्काला मोठं बळ मिळेल. त्यासाठी दोन तास पुष्कळ झाले. भूकंप नोंदवायला मात्र महिने लागतात. तिथे उष्णता सोसणाऱ्या सिलिकॉन कार्बाइडच्या चिप हव्यात. नासाच्या ग्लेन केंद्रात त्या शुक्रासारख्या वातावरणात, थंड न ठेवता, ५२१ तास चालल्या आहेत. ही दोन कामं एकाच यानावर लादू नका.

रडारपंथी: टेसेराचं महत्त्व मान्य. पण मॅगेलनच्या चित्रांत शंभरेक मीटरहून लहान काही दिसत नाही, आणि दोन-तीन मीटरचं यान कलंडायला एक शिळा पुरते. आधी बारीक नकाशा करा, मग उतरा.