समुपदेशन केंद्रात सांगितलेले विभागात किंवा घरी कळते का?

प्रश्न: वसतिगृहातील विद्यार्थी

मी पुण्यात एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असून वसतिगृहात राहतो. गेल्या सत्रापासून रात्री झोप लागत नाही, पुस्तक उघडले की तेच पान पुन्हा पुन्हा वाचत राहतो आणि अलीकडे मेसमध्ये जाणेही टाळू लागलो आहे. आमच्याकडे समुपदेशन केंद्र आहे, पण त्याचा कार्यभार ज्या प्राध्यापकांकडे आहे तेच आम्हाला एक विषय शिकवतात आणि त्याचे अंतर्गत गुणही देतात. त्यांच्यापुढे हे सारे बोलणे मला जमणार नाही. वडिलांना कळले तर ते शिक्षण सोडून गावी ये म्हणतील, अशी भीती वाटते. केंद्रात सांगितलेले विभागप्रमुख, रेक्टर किंवा घरच्यांपर्यंत जाते का? मानसोपचारतज्ज्ञाकडे गेल्याची नोंद सरकारी नोकरीच्या आड येते का?

उत्तर १: महाविद्यालयीन समुपदेशक

तुमचा संकोच योग्य आहे. जी व्यक्ती तुमचे गुण ठरवते तिने तुमचे समुपदेशन करू नये, हा आमच्या व्यवसायातील मूलभूत संकेत आहे. दोष त्या व्यवस्थेचा आहे, तुमचा नाही. त्या प्राध्यापकांना तपशील न सांगता, बाहेरच्या समुपदेशकाकडे पाठवण्याची विनंती तेवढी करता येईल.

तुम्ही सज्ञान आहात, त्यामुळे तुमच्या संमतीवाचून समुपदेशकाने घरी किंवा विभागात काही कळवणे योग्य नाही. तुमच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका दिसत असेल, तर मात्र समुपदेशकाला गोपनीयता बाजूला ठेवावी लागते, आणि तेव्हाही आवश्यक तेवढेच आणि आवश्यक त्याच व्यक्तीला सांगायचे असते. कुठेही गेलात तरी पहिल्या भेटीत, काहीही सांगण्याआधी, नोंदी कोण ठेवते, त्या कोण पाहू शकते आणि संस्थेला कोणता अहवाल जातो, हे तीन प्रश्न अवश्य विचारा. चांगला समुपदेशक या प्रश्नांनी दुखावला जात नाही. उलट तो स्वतःहूनच हे सांगतो.

एक गोष्ट स्पष्टपणे विचारतो, कारण आडून विचारण्यात अर्थ नाही: जगू नये, जीव द्यावा असे विचार मनात येतात का? येत असतील तर भेटीची वेळ मिळेपर्यंत थांबू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतूनही बोलता येते. टाटा समाजविज्ञान संस्थेची ‘आयकॉल’ ही सेवाही दूरध्वनीवरून आणि ईमेलवरून समुपदेशन करते. या दोन्ही सेवांचा तुमच्या विभागाशी काहीही संबंध नाही.

उत्तर २: मानसोपचार विभागातील समाजसेविका

नोकरीविषयी. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम २३ नुसार उपचारांविषयीच्या माहितीची गोपनीयता हा रुग्णाचा हक्क आहे. कलम ३ म्हणते की सक्षम न्यायालयाने तसे घोषित केले नसेल, तर केवळ मानसिक आजाराच्या निदानावरून व्यक्तीला मनोविकल (कायद्याच्या भाषेत ‘अनसाउंड माइंड’) ठरवता येत नाही. सशस्त्र दलांसारख्या काही सेवांचे वैद्यकीय निकष वेगळे असतात, आणि जिथे विचारणा होईल तिथे खरेच सांगावे. पण झोपेसाठी किंवा नैराश्यासाठी उपचार घेतले म्हणून सरकारी नोकरीचे दार बंद होते, ही समजूत चुकीची आहे. या समजुतीपायी वर्ष-वर्ष अंगावर काढलेली मुले आमच्याकडे येतात, तेव्हा फार वाईट वाटते.

पुण्यात ससून रुग्णालयाच्या मानसोपचार बाह्यरुग्ण विभागात तुम्ही थेट केसपेपर काढून जाऊ शकता. विद्यापीठाची चिठ्ठी लागत नाही. डॉक्टर झोप, भूक, एकाग्रता यांविषयी विचारतील आणि कदाचित थायरॉईडसारख्या रक्ततपासण्याही सांगतील, कारण अशा तक्रारींमागे कधी कधी शारीरिक कारणही असते. नैराश्यावरील गोळ्या दिल्या, तर त्यांचा गुण दिसायला काही आठवडे लागतात. आठ दिवसांत फरक नाही म्हणून, किंवा बरे वाटले म्हणून, त्या मनानेच बंद करू नयेत.

उत्तर ३: प्राध्यापक

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमणे बंधनकारक आहे. शिक्षक आणि कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यावे, असेही त्यात आहे. पण त्याचा हेतू आम्ही धोक्याची लक्षणे ओळखून विद्यार्थ्याला योग्य ठिकाणी पाठवावे, हा आहे. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी एखाद्या अध्यापकाच्या नावापुढे कार्यभार लिहून विषय संपवला जातो. मी काम केलेल्या एका महाविद्यालयात समुपदेशनाची खोली कार्यालयाला लागूनच होती आणि आत जाण्यापूर्वी नोंदवहीत नाव व वर्ग लिहावा लागे. तिथे फारसे कोणी फिरकत नसे, आणि त्यावरून विद्यार्थ्यांना गरजच नाही असा निष्कर्ष काढला जाई. याविषयी प्राचार्यांकडे लेखी पाठपुरावा करणे आम्हा अध्यापकांचे काम आहे. तुम्ही आधी स्वतःची प्रकृती पाहा.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. जीव द्यावा असे विचार येत नाहीत, पण कशातच मन लागत नाही. रुग्णालयात खोलीतील मित्राला सोबत नेले तर चालते का? आणि डॉक्टरांपुढे नेमके काय सांगायचे?

उत्तर २ लिहिणाऱ्या समाजसेविका

मित्राला अवश्य न्या. डॉक्टरांशी एकट्याने बोलायचे असेल तर त्याला थोडा वेळ बाहेर बसवता येते. इथे जे लिहिले आहे तेच कागदावर उतरवून न्या: झोप केव्हापासून लागत नाही, रात्री किती वेळा जाग येते, जेवण किती कमी झाले, याआधी असे कधी झाले होते का, सध्या कोणती औषधे चालू आहेत. बोलताना शब्द सुचले नाहीत, तर तो कागदच डॉक्टरांच्या हाती द्या. सकाळी लवकर पोहोचा, कारण केसपेपरच्या खिडकीपुढे रांग असते, आणि पुढच्या भेटीची तारीख घेतल्याशिवाय निघू नका.