नागपूरच्या शेतकरी आठवडी बाजारात बसायचं आहे, काय काय न्यावं?

समुद्रपूरवाला:
राम राम मंडळी. आम्ही समुद्रपूर तालुक्यातले चार घरचे शेतकरी, या हिवाळ्यात नागपूरच्या शेतकरी बाजारात माल घेऊन जायचं म्हणून राहिलो. मागच्या साली एका आडत्याकडं, म्हणजे बाजार समितीतल्या दलालाकडं, वांगे नेले होते, रात्री तीनला घरून निघालो, तिथं पोतं ओलं आहे म्हणून पोत्यामागं दोन किलो कट मारला, अन् हातात आलं त्यात गाडीभाडं कसंबसं सुटलं. आईनं हिशेबाची चिठ्ठी पाहिली आणि काहीच बोलली नाही, मले तेच जास्त लागलं. तर हा शेतकरी बाजार नेमका काय प्रकार आहे, कधीपासूनचा आहे, आडत लागते का, आणि तिथं विकते काय? वांगे टमाटर तर सगळेच आणतात.

कारंज्याचा:
भाऊ, मी कारंजा लाडचा, म्हणून थोडं मागून सांगतो. बाजाराला नियम लावायची सुरुवात देशात आपल्या वऱ्हाडातूनच झाली. १८८६ ला कारंज्याचा कापूस बाजार नियमाखाली आला, कारण इंग्रजांना मँचेस्टरच्या गिरण्यांसाठी चोख कापूस पाहिजे होता, मग १८९७ ला वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा झाला. म्हणजे सोय गिरणीची, डोक्यावर टोपलं घेऊन येणाऱ्या बाईचा त्यात विचारच नव्हता. १९६३ चा बाजार समिती कायदा खऱ्या मापासाठी, उघड लिलावासाठी आला, पण भाजीवाला आडत्याच्या गाळ्यापाशीच अडकून राहिला. जुलै २०१६ मध्ये फळं भाजीपाला नियमनातून मोकळा केला, म्हणजे बाजार समितीतच विकायची सक्ती गेली, आणि त्याच वर्षी पणन मंडळाचं संत शिरोमणी सावता माळी शेतकरी आठवडी बाजार अभियान आलं. तिथं पिकवणारा थेट गिऱ्हाइकाला विकतो, मधात आडत नाही. चार घरं आहात तर गट करूनच जा, एकट्यानं दर बाजाराला वेगवेगळी भाजी पुरवणं होत नाही.

सोलेवाली ताई:
भाऊ, मी दोन हिवाळे बसते तिथं. वांगे न्या, पण नुसत्या वांग्यावर भरवसा ठेवू नका. डिसेंबर जानेवारीत तुरीच्या ओल्या शेंगा न्या, अन् शेंगांपेक्षा सोले, म्हणजे सोललेले ओले दाणे. आम्ही दोघी तिथंच परात घेऊन सोलत बसतो, अंगठ्यानं शेंग दाबली की दाणे टपटप परातीत पडतात, संध्याकाळपर्यंत नखं काळी होतात, पण लोक उभे राहून पाहतात आणि तिथंच पावशेर, अर्धा किलो मागतात, शहरात घरी बसून सोलायला वेळ कोणाला आहे. तुमचे वांगे सोल्यांच्या बाजूला ठेवा, जोडीनं जातात.

हरभऱ्याची भाजी दव सुकल्यावरच खुडा, ओली भरली की पोत्यात तापून काळी पडते. सांबार, म्हणजे कोथिंबीर, मात्र ओल्या बारदानात गुंडाळा. एका आजीनं माझ्याकडची हरभऱ्याची भाजी मूठभर उचलून नाकाशी धरली, किती वेळ तशीच उभी होती, मग म्हणे माहेरच्या वावरातली आठवली, अन् होती तेवढी सगळी घेऊन गेली. बाजार समितीत या भाजीची बोली कोण लावते सांगा? जवस, अंबाडी, बोरं, गावरान चवळी, सगळ्याचं असंच आहे, थोडं थोडं असते म्हणून मोठा व्यापारी पाहत नाही, इथं तेच आधी संपते.

आणि वायगाव तर तुमच्याच तालुक्यात आहे ना! त्या हळदीला २०१६ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं आहे, भिवापूरच्या मिरचीलाही. वायगाव नावाचा जीआय शिक्का लावायचा तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करा, आणि दळून पाकीट करायचं तर एफएसएसएआयची, म्हणजे अन्न सुरक्षेची, नोंदणी पण लागते.

इतवारीकर:
गिऱ्हाइकाच्या बाजूनं सांगतो. इतवारी, बुधवारी, मंगळवारी ही आमच्या वस्त्यांची नावंच बाजाराच्या वारावरून पडली, त्यामुळं वार ठरवून थैली घेऊन निघायची नागपूरकराची जुनी सवय आहे. फक्त भाव पाटीवर लिहा आणि काट्यावर वजनमापे खात्याचा शिक्का असू द्या. कोणी संत्रावाला गटात घ्या, आंबिया बहराचा संत्रा संपला की फेब्रुवारी मार्चमध्ये मृग बहराचा संत्रा येतो, तोपर्यंत तुमचे सोले संपलेले असतात, दुकान खाली राहणार नाही.

समुद्रपूरवाला:
सगळ्यांचे मनापासून आभार. आईला वाचून दाखवलं, म्हणे परात घे, मी येते सोलायला. तूर अजून फुलावर आहे. हळद खणायला वेळ आहे, पण मागच्या सालची हळकुंडं आहेत, ती तशीच नेतो. ताई, जागेसाठी किती वाजता यावं लागते?

सोलेवाली ताई:
सकाळी सहाच्या आत या भाऊ. पिण्याच्या पाण्याची कॅन आणि आईला टेकायला पाट घरूनच आणा.